नसलेपणाचे नाते

शब्दांच्या जाती शिकविताना ‘अव्यया’पाशी मला नेहमी हसू येते. ‘पटकन’, ‘आणि’, ‘अरेरे’ यांत साम्य काय? एवढेच, की ते विकार पावत नाहीत! नसलेपणावर बांधलेले हे कुटुंब.

जीवशास्त्रातही असेच एक कुटुंब होते. ज्याच्या पेशीत केंद्रक नाही तो आदिकेंद्रकी, असे म्हणून कितीतरी सूक्ष्म जीव एकाच खोलीत कोंबलेले. १९७७ साली अमेरिकेतील कार्ल वूझ आणि जॉर्ज फॉक्स यांनी रूपाचा नाद सोडून पेशीतील रायबोसोमच्या आरएनएचा मजकूर ताडून पाहिला. आपण पाठभेदांवरून पोथ्यांची वंशावळ लावतो ना, तसा. मिथेन वायू तयार करणारे जीव इतर जीवाणूंहून पार निराळ्या घराण्याचे निघाले! १९९० साली वूझ आणि सहकाऱ्यांनी सजीवांची तीन मोठी घराणी मांडली: जीवाणू, आर्किया आणि केंद्रकवाले. या तिसऱ्यात आंबा, अळंबी, आपण, सगळे आलो. मौज अशी, की जनुके वाचण्याच्या यंत्रणेत आर्किया जीवाणूंपेक्षा आपल्याला जवळचे.

तेव्हा कुणाकडे गोबरगॅसवर चकली तळली जात असेल, तर तो मिथेन पुरवणारे आपले हे दूरचे आप्तच. त्यांना फराळाला मात्र बोलावू नये. बिचाऱ्यांना हवेतला प्राणवायू सोसत नाही.