तृतीय भाषेचे शिक्षक

शाळेच्या कार्यालयात माजी विद्यार्थी कोणता कागद मागावयास येतात, यावरून काळाची चाहूल लागते. २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत बहुधा शाळा सोडल्याच्या दाखल्याची दुसरी प्रत मागितली जाई. पुण्या-मुंबईची नोकरी सुटलेली असे आणि गावाजवळ मिळेल तेथे अर्ज करावयाचा असे. गेल्या वर्षापासून मात्र शिफारसपत्रे मागितली जाऊ लागली आहेत, आणि तीही थायलंड, व्हिएतनाम, दक्षिण कोरिया येथील शाळांसाठी. १५ मार्च २०२२ रोजी व्हिएतनामने परदेशी प्रवाशांना दारे उघडली, २७ मार्चपासून भारतातून नियमित आंतरराष्ट्रीय विमाने पुन्हा उडू लागली आणि १ जुलैपासून थायलंडने प्रवेशपूर्व नोंदणीचीही अट काढून टाकली. महामारीमुळे मायदेशी परतलेले अनेक परदेशी शिक्षक पुन्हा फिरकले नाहीत. त्यांच्या रिकाम्या जागांच्या जाहिराती आता आपल्या मुलामुलींच्या मोबाईलवर येऊन पोहोचतात. परदेशी जाऊन इंग्रजी शिकविणे ही कल्पना आपल्या वसतिगृहातील मुलांच्या मनात दहा वर्षांपूर्वी आलीही नसती. आज ती आली आहे, म्हणून या शाळेत इंग्रजी शिकविणारे आम्ही आपले मत येथे स्पष्टपणे मांडू इच्छितो.

गेल्या हिवाळ्यात आमची एक माजी विद्यार्थिनी असेच पत्र मागावयास आली. पाचवी ते दहावी ती येथील वसतिगृहात राहिली, पुढे इंग्रजी घेऊन बी. ए. आणि मग बी. एड. झाली. पत्राचा मजकूर तिने तयारच आणला होता; एका एजंटाने तो मोबाईलवर पाठविला होता. त्यात लिहिले होते की, हिचे पहिलीपासूनचे सर्व शिक्षण इंग्रजी माध्यमातून झाले असून इंग्रजी हीच तिची प्रथम भाषा आहे. “एवढं लिहून दिलं की परीक्षेची अट निघते, असं ते म्हणतात,” ती खाली मान घालून म्हणाली. आम्ही नकार दिला. दुसऱ्या दिवशी तिच्या आईचा फोन आला. “सर, एका ओळीपायी पोरीचं नशीब अडवू नका.” ती माउली दुसऱ्याच्या शेतात राबून मुलीला शिकविणारी. त्या फोननंतर आम्हा शिक्षकांत दोन दिवस वाद झाला, हे लपविण्यात अर्थ नाही. एक सहकारी म्हणाले की, साऱ्या जगात खोटे दाखले चालतात, मग आपणच आपल्या मुलीच्या वाटेत का उभे राहावे? पत्र अखेर तसे दिले नाही, परंतु त्या प्रश्नाचे उत्तर आम्हाला स्वतःलाच शोधावे लागले.

केवळ असत्य म्हणून ती ओळ आम्हाला खुपली असे नाही. त्या मुलीची जी जमेची बाजू, तीच त्या ओळीने डाग ठरविली होती. मराठी माध्यमाच्या दहावीला इंग्रजी ही ‘तृतीय भाषा’ असते. मराठी प्रथम, हिंदी द्वितीय, इंग्रजी तृतीय. जून २००० पासून महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी विषय आला खरा; परंतु वाडी-तांड्यावरून पाचवीत आमच्याकडे येणाऱ्या मुलाला इंग्रजीचे वाक्य जुळविता येत नसे आणि आजही क्वचितच येते. ते तो येथे शिकतो, चुकत शिकतो, रात्रीच्या अभ्यासिकेत मोठ्याने पाठ करीत शिकतो. आमचे म्हणणे असे की, परदेशातील ज्या मुलांना इंग्रजी अशीच कष्टाने शिकावयाची आहे, त्यांच्यासाठी याहून चांगली पूर्वतयारी दुसरी नाही.

एक उदाहरण घेऊ. इंग्रजीतील ‘अ’, ‘ॲन’ आणि ‘द’ ही उपपदे मराठीत नाहीत. ती थाई भाषेतही नाहीत. ज्याने ही उपपदे आईच्या बोलण्यातून उचलली, त्याला ती का लागतात हे सहसा सांगता येत नाही. “असेच म्हणतात,” एवढे तो सांगतो. आमच्या मुलीने मात्र त्या तीन शब्दांवर सातवी-आठवीची दोन वर्षे घालविली आहेत. कोठे अडते, कोणता नियम फसवा आहे, कोणता अपवाद पाठच करावा लागतो, हे तिला ठाऊक आहे. थाई भाषेत क्रियापद काळानुसार बदलत नाही, म्हणून तेथील मूल ‘यस्टरडे आय गो’ म्हणते. जोडाक्षराने सुरू होणारा शब्द तेथे नाही असे नव्हे, पण ‘स’ने सुरू होणारे इंग्रजी जोडाक्षर तोंडात बसत नाही, म्हणून ‘स्टॉप’चे ‘सतॉप’ होते. आपल्याकडची मुले ‘आय ॲम लिव्हिंग हिअर सिन्स टू इयर्स’ म्हणतात, कारण मराठीत ‘दोन वर्षांपासून राहतो’ असेच म्हणावयाचे असते. चूक निराळी, परंतु तिची जात एकच. आपल्या भाषेचा साचा परक्या भाषेवर बसविल्याने होणारी. ही जात जिने स्वतःच्या वहीत तांबड्या शाईने पाहिली, तिला दुसऱ्याच्या वहीत ती चटकन ओळखू येते.

तरीही दारावर वेगळीच पाटी आहे, हे मान्य केले पाहिजे. दक्षिण कोरियात परदेशी भाषाशिक्षकाचा जो ई-२ व्हिसा आहे, तो इंग्रजीसाठी सर्वसाधारणपणे सातच देशांच्या नागरिकांना मिळतो : अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, आयर्लंड आणि दक्षिण आफ्रिका. म्हणजे पारपत्र पाहून भाषा ठरते. भारत आणि कोरिया यांच्यातील १ जानेवारी २०१० पासून अमलात आलेल्या आर्थिक भागीदारी करारात भारतीय साहाय्यक इंग्रजी शिक्षकांची तरतूद आहे, शिक्षणशास्त्राची पात्रता असेल तर तीमधून अर्ज करता येतो. हे आपल्या बी. एड. झालेल्या मुलांपैकी फार थोड्यांना माहीत आहे. थायलंडमध्ये दार अधिक उघडे आहे. तेथे इंग्रजी मातृभाषा नसलेल्या उमेदवाराकडून ‘टोइक’सारख्या परीक्षेचे गुण मागतात. मात्र त्याच वर्गात, त्याच पाठ्यपुस्तकावर, फिलिपिनो किंवा भारतीय शिक्षकाला गोऱ्या शिक्षकापेक्षा कमी वेतन दिले जाते, ही तेथील सर्वांना ठाऊक असलेली गोष्ट आहे. जन्मावरून योग्यता ठरविण्याची ही रीत आपल्या समाजाला नवी नाही. म्हणून तिच्यापुढे जन्मच खोटा सांगून मान तुकविणे आम्हाला विशेष लागते. बाबासाहेबांनी ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’ १९३६ मध्ये इंग्रजीत लिहिले आणि ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ हा ग्रंथही इंग्रजीतच लिहिला. ती त्यांची मातृभाषा नव्हती, आणि त्यामुळे त्यांच्या इंग्रजीचे काही अडल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

मुले जातात ती केवळ हौसेने, असे कोणी समजू नये. शिक्षक अभियोग्यता चाचणी डिसेंबर २०१७ मध्ये झाली आणि त्यानंतरची थेट २०२३ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये. मधल्या पाच वर्षांत बी. एड. होऊन बाहेर पडलेल्यांनी काय करावयाचे होते? कोणी तासिका तत्त्वावर राबले, कोणी खाजगी संस्थेत सहीच्या आकड्यापेक्षा कमी पगार हातात घेत राहिले, कोणी महामारीत भाजीची गाडी लावली. अशा मुलीला बँकॉकच्या विमानाचे आकर्षण वाटले तर तिला समाजाने नावे ठेवू नयेत. आमच्या पालकांपैकी काहींना मुलगी एकटी परदेशी जाते हेच रुचत नाही. त्यांना आम्ही एवढेच विचारतो की, मुलगा दुबईला जातो तेव्हा आपण पेढे वाटतो ना?

परंतु जावयाचे ते शिक्षक म्हणून, प्रवासी म्हणून नव्हे. येथे आमचा आग्रह कठोर आहे. “आधी पर्यटक व्हिसावर या, पुढचे तेथे पाहू,” हे वाक्य ज्या एजंटाच्या तोंडून निघेल, त्याच्याशी बोलणे तेथेच थांबवावे. थायलंडमध्ये शिकविण्यासाठी ‘नॉन-इमिग्रंट बी’ हा व्हिसा लागतो. तो नेमणूक देणाऱ्या शाळेच्या कागदपत्रांवर मुंबईतील थाई वाणिज्य दूतावासातून मिळू शकतो. तेथे पोहोचल्यावर काम करण्याचा परवाना वेगळा, आणि शिक्षक परिषदेचे, म्हणजे ‘ख्रूसफा’चे, अनुज्ञापत्र किंवा तात्पुरती परवानगी वेगळी. परवान्याविना काम करणे हा तेथे गुन्हा आहे, मग वेतन मिळो वा न मिळो. पदवीचे साक्षांकन आणि पोलिसांचा चारित्र्य दाखला यांना आपल्याकडे आठवडे लागतात. तेथील शाळा मेच्या मध्यास सुरू होतात, तेव्हा फेब्रुवारीत जागे होणाऱ्याची धावपळ ठरलेली.

एजंटाविषयीही सांगावयाचे आहे. परदेशातील नोकरीसाठी माणसे पाठविणाऱ्याची १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली नोंदणी असावी लागते, आणि नोंदणी क्रमांक मागण्याचा आपल्याला अधिकार आहे. हा क्रमांक मागताना संकोच वाटू देऊ नये. सप्टेंबर २०२२ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने जाहीर सूचना काढली होती : थायलंडमधील चांगल्या पगाराच्या नोकरीचे आमिष दाखवून तरुणांना सीमेपलीकडे म्यानमारमधील म्यावड्डी परिसरात नेण्यात येत होते आणि तेथे कोंडून त्यांच्याकडून ऑनलाईन फसवणुकीची कामे करवून घेतली जात होती. त्या जाहिराती संगणकाच्या नोकऱ्यांच्या होत्या, शिक्षकांच्या नव्हत्या. परंतु फसणारी मुले आपल्यासारख्याच घरांतील होती, आणि पर्यटक म्हणून उतरविण्याची युक्ती तीच.

आता आमच्यावरच येणारा आक्षेप. वसतिगृह मार्च २०२० मध्ये रिकामे झाले; परत आलेली मुले आपल्या इयत्तेच्या दोन वर्षे मागे होती. सहावीतील मुलाला आपले नाव इंग्रजीत लिहिता येईना. ज्यांच्या घरी मोबाईल एकच आणि तो बापाबरोबर कामावर, त्यांची ऑनलाईन शाळा कसली? अशा वेळी चांगले इंग्रजी शिकविणारी आपलीच माणसे थायलंडच्या मुलांसाठी पाठवावयाची काय? हा प्रश्न आम्हाला एका निवृत्त मुख्याध्यापकांनी केला, आणि तो आम्हाला रात्री झोपू देत नाही. त्यांचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. उरलेले अर्धे असे की, ज्या व्यवस्थेने या मुलीला पाच वर्षे चाचणीची वाट पाहावयास लावली, तिने त्यागाची अपेक्षा तिच्याकडूनच करावी हा न्याय नव्हे. दोन-तीन वर्षे चाळीस परक्या मुलांसमोर केवळ इंग्रजीतून वर्ग चालविलेली शिक्षिका उद्या परत आली, तर ती आम्हा सर्वांपेक्षा चांगली शिक्षिका असेल. परत येईलच याची हमी मात्र नाही, आणि ती मागण्याचा अधिकारही आम्हाला नाही.

शाळेने मात्र काही करावे, असे आम्ही व्यवस्थापनास सुचविले आहे. जे परदेशी शिकवीत आहेत त्यांनी महिन्यातून एका रविवारी सातवी-आठवीच्या मुलांशी इंग्रजीतून बोलावे. महामारीने आपल्याला पडद्यावरून शिकविण्याची सक्ती केली. ते कौशल्य आता एवढ्या कामी तरी यावे. जाऊ इच्छिणाऱ्यांच्या परीक्षा शुल्कासाठी माजी विद्यार्थी संघाने बिनव्याजी उसनवारीचा छोटा निधी उभारावा. सावकाराकडून किंवा एजंटाकडून उचल घेण्याची वेळ येऊ नये. आणि शिफारसपत्र शाळेने स्वतः लिहावे. एजंटाचा मजकूर कोणी उतरवून देऊ नये.

त्या मुलीला आम्ही दिलेल्या पत्रात असे लिहिले : शिक्षणाचे माध्यम मराठी, इंग्रजी तृतीय भाषा, विद्यार्थिनीने आठवीपासून खालच्या वर्गांना सायंकाळी इंग्रजी वाचन शिकविले. एजंटाने तिला वाटेला लावले आणि घेतलेली रक्कम परत केली नाही. तिने ‘टोइक’ दिली. दोन तासांत दोनशे प्रश्न, निम्मे ऐकण्याचे, निम्मे वाचण्याचे. ९९० पैकी ६०० गुण पुष्कळ शाळांना पुरतात. तिला त्याहून बरेच अधिक पडले. त्यानंतरही दोन शाळांनी तिचा चेहरा पडद्यावर पाहून मुलाखत पाच मिनिटांत आटोपली. तिसऱ्या शाळेने पत्रातील सायंकाळच्या वर्गाविषयी विचारले, आणि अर्धा तास तेच विचारले.

मेपासून ती ईशान्य थायलंडमधील एका शाळेत आहे. करारावर वर्ष २५६६ लिहिलेले पाहून तिच्या वडिलांना प्रथम तो कागदच बनावट वाटला. तेथे बुद्धवर्ष चालते हे त्यांना समजावून सांगावे लागले. मुले तिला ‘ख्रू’ म्हणतात. तो शब्द मूळचा आपला ‘गुरू’ हे कळल्यावर तिला गंमत वाटली, असे तिने कळविले. पगार तिच्या शेजारच्या वर्गातील इंग्रज शिक्षकापेक्षा कमी आहे, हेही तिने कळविले, आणि याविषयी मुख्याध्यापिकेशी पुढच्या करारापूर्वी बोलणार असल्याचे लिहिले. गेल्या महिन्यात तिचा आणखी एक निरोप आला. तिच्या वर्गाला उपपदे काही केल्या येईनात; आठवीत आम्ही करून घेतलेल्या सरावाची तिची जुनी वही शाळेत असेल तर पानांची छायाचित्रे पाठवा, असे त्यात होते. नमुन्यादाखल ठेवलेल्या वह्यांच्या कपाटात ती सापडली. पहिली दोन पाने वाळवीने खाल्ली होती. उरलेली आम्ही त्याच सायंकाळी पाठविली.