शस्त्रक्रियेनंतरचे चौदा दिवस : पिंपरी-चिंचवडच्या आयुक्तांस खुले पत्र

माननीय आयुक्त,
पिंपरी-चिंचवड महानगरपालिका, पिंपरी



आपल्या दप्तरी रोज रुजू होणाऱ्या अर्जांत रस्ते, पाणी, कचरा आणि मिळकतकर यांचीच गर्दी असणार, हे ठाऊक असूनही मी एका अशा विषयाकडे आपले लक्ष वेधू इच्छितो, की जो किरकोळ मानला जातो म्हणूनच दुर्लक्षित राहतो. टॉन्सिल काढण्याची शस्त्रक्रिया ही कान-नाक-घसा विभागातील नित्याची बाब आहे. थिएटरमधून बाहेर आलेले मूल बहुधा दुसऱ्या दिवशी घरी जाते आणि रुग्णालयाच्या नोंदवहीत ते प्रकरण तेथेच मिटते. माझे म्हणणे एवढेच, की रुग्णाच्या घशात ते त्या दिवशी मिटलेले नसते; ते मिटण्यास सुमारे दोन आठवडे लागतात, आणि त्या दोन आठवड्यांची जबाबदारी कोणाची, हे कोठेतरी लेखी नमूद असावयास हवे.

इतर बहुतेक शस्त्रक्रियांत जखमेच्या कडा टाक्यांनी जुळवून वर पट्टी बांधता येते. येथे ती सोय नाही. गाठी काढल्यानंतर घशाच्या दोन्ही बाजूंस उघडा व्रण राहतो, आणि त्या जागेला चेहऱ्याच्या व जिभेच्या धमन्यांच्या शाखांसह अनेक वाटांनी रक्तपुरवठा होत असतो. पहिल्या २४ तासांत होणारा रक्तस्राव प्राथमिक मानतात; तो बहुधा डॉक्टर व परिचारिका जवळ असतानाच होतो, म्हणून त्याचा बंदोबस्तही तत्काळ होतो. पुढे व्रणावर पांढुरका थर धरतो, त्याच्याखाली नवे अस्तर तयार होऊ लागते, आणि पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या सुमारास तो थर सुटताना एखादी रक्तवाहिनी उघडी पडली तर दुय्यम रक्तस्राव होतो. म्हणजे धोक्याचा दुसरा काळ नेमका तेव्हा येतो, जेव्हा मूल पुन्हा खेळू लागलेले असते, आईची धास्ती ओसरलेली असते आणि वडिलांची रजा संपलेली असते.

लहान मुलांत हा स्राव लपून राहतो, ही त्यातील मोठी अडचण होय. झोपेत घशात उतरणारे रक्त मूल गिळत राहते. उशीवर डाग पडत नाही, रडारड होत नाही, फक्त वरचेवर घोट गिळल्याची हालचाल दिसते, आणि काळपट रक्ताची उलटी झाली म्हणजेच घरच्यांना पत्ता लागतो. १५ किलो वजनाच्या मुलाच्या अंगात सारे मिळून रक्त असते १,१०० मिलिलिटरच्या आसपास; प्रौढ माणूस सहज सोसेल एवढा पेलाभर स्रावही त्याच्या जिवावर बेतू शकतो. त्यातच मुलांचा रक्तदाब बराच वेळ तग धरतो आणि मग अकस्मात कोसळतो, म्हणून नाडीची वाढलेली गती व चेहऱ्याचा फिकेपणा याच आधीच्या खुणा समजाव्या लागतात. थोडे रक्त येऊन आपोआप थांबले म्हणून निश्चिंत होण्यातही अर्थ नसतो, कारण मोठ्या स्रावापूर्वी असा लहानसा स्राव होऊन जाणे शल्यवैद्यांच्या परिचयाचे आहे.

या निवेदनाने कोणी पालक शस्त्रक्रियेला भिऊ लागला तर माझा हेतू विफल होईल. घोरता घोरता ज्याचा श्वास अडखळतो, किंवा ज्याचा घसा वर्षातून सात-सात वेळा धरतो, अशा मुलाला या शस्त्रक्रियेने खरोखर आराम मिळतो, आणि बहुसंख्य मुले निर्विघ्न बरी होतात. इंग्लंड व उत्तर आयर्लंड येथे २००३-०४ साली सुमारे ३४,००० शस्त्रक्रियांची जी पद्धतशीर नोंद झाली, तीत रक्तस्रावाचे प्रमाण ३.५ टक्के, आणि पुन्हा थिएटरमध्ये न्यावे लागण्याचे प्रमाण शंभरात एकाहूनही कमी आढळले. प्रौढांत रक्तस्राव लहान मुलांपेक्षा अधिक होतो, आणि विजेच्या उष्णतेने कापण्याच्या व डागण्याच्या पद्धतींत तो जुन्या थंड हत्यारांपेक्षा अधिक होतो, हेही त्याच नोंदींतून पुढे आले. ऑस्ट्रियात काही बालके दगावल्यावर तेथील तज्ज्ञ संस्थांनी २००७ साली सहा वर्षांखालील मुलांसाठी निकष कडक केले. अमेरिकेतील कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संस्थेने २०१९ च्या मार्गदर्शनात प्रत्येक शल्यवैद्याने आपल्या रुग्णांतील रक्तस्रावाचे प्रमाण निदान वर्षातून एकदा काढावे, असे सुचविले आहे. घशातील शस्त्रकर्माचे हे भय आपल्या परंपरेलाही नवे नाही. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात गलशुंडिकेचा, म्हणजे सुजून वाढलेल्या पडजिभेचा, छेद सांगताना, प्रमाणाबाहेर कापल्यास रक्त वाहून रोगी मरतो, अशी स्पष्ट ताकीद आहे, आणि तुंडिकेरीलाही, म्हणजे टॉन्सिलच्या सुजेलाही, तोच विधी नेमून दिला आहे.

आता आपल्या मुलखाकडे वळतो. भोसरीपासून चाकण, म्हाळुंगे, खराबवाडीपर्यंतच्या कारखान्यांत राबणारी कुटुंबे मराठवाडा, विदर्भ, बिहार, उत्तर प्रदेश अशा दूरदूरच्या प्रदेशांतून आलेली आहेत. एका खोलीच्या त्या संसारात आजीचा वा शेजारच्या काकूंचा जुना आधार नसतो, घरातील कर्ता पुरुष रात्रपाळीस असतो, आणि कंत्राटी कामगाराला एक खाडा म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडाली. मुलाची शस्त्रक्रिया झालेली असते संत तुकारामनगरच्या वायसीएम रुग्णालयात, मोहननगरच्या कामगार विमा रुग्णालयात किंवा एखाद्या खाजगी दवाखान्यात. मूल राहते चाकणला, सुमारे २० किलोमीटरवर, आणि मध्ये पुणे-नाशिक महामार्ग, ज्याच्यावरील आंबेठाण चौकात व तळेगाव चौकात पाळ्या सुटण्याच्या वेळी रुग्णवाहिकेलाही वाट मिळणे दुर्घट होते. शिवाय चाकण आपल्या हद्दीबाहेर. तेथील ग्रामीण रुग्णालय राज्याच्या आरोग्य खात्याचे. रक्तस्रावाला मात्र हद्द कळत नाही.

आणि हाती असते ते डिस्चार्ज कार्ड, बहुधा इंग्रजीत, औषधांची नावे व फेरतपासणीची तारीख लिहिलेले. त्यावर जे आणखी असावयास हवे ते फार थोडे आहे, ते असे. घशातला पांढरा थर म्हणजे पू नव्हे, तो खरवडू नये. कान दुखणे व तोंडाला वास येणे अपेक्षितच. दुखते म्हणून मुलाला उपाशी ठेवू नये, भरपूर पाणी व सोसेल ते साधे अन्न द्यावे. डॉक्टरांना विचारल्यावाचून कोणतीही वेदनाशामक गोळी देऊ नये, आणि १२ वर्षांखालील मुलास कोडीन तर मुळीच नाही. ताजे लाल रक्त दिसले तर मुलाला उताणे न निजवता पुढे वाकवून बसवावे, रक्त थुंकू द्यावे, घशात बोट वा कापड घालू नये, खाणेपिणे थांबवावे, कारण पुन्हा भूल द्यावी लागण्याचा संभव असतो, आणि सकाळची वाट न पाहता तडक रुग्णालय गाठावे किंवा १०८ ला फोन करावा.

यास्तव माझ्या चार विनंत्या आहेत. पहिली अशी, की वरील तपशील मराठीत व हिंदीत, मोठ्या ठशात छापलेले एक पान महानगरपालिकेच्या प्रत्येक रुग्णालयाने घरी सोडताना द्यावे आणि ते पालकास वाचून दाखवावे. दुसरी, त्या पानावर चोवीस तास उचलला जाईल असा एक दूरध्वनी क्रमांक असावा, आणि पाचव्या ते दहाव्या दिवसांच्या दरम्यान परिचारिकेने स्वतः होऊन एकदा तरी घरी फोन करावा. तिसरी, रात्री कान-नाक-घसा शल्यवैद्य, भूलतज्ज्ञ व रक्तपेढी या तिन्ही गोष्टी कोठे सिद्ध असतील ते ठरवून, पुण्याच्या जिल्हा आरोग्य यंत्रणेशी लेखी तजवीज करावी, म्हणजे चाकणच्या डॉक्टराने शिरेतून सलाईन सुरू करून मूल पुढे पाठविताना चार ठिकाणी विचारीत बसावे लागणार नाही. कारण पोटात रक्त साठलेल्या, घशात गुठळ्या धरलेल्या मुलाला भूल देणे हे कसलेल्या हाताचे काम आहे. चौथी, प्रत्येक रक्तस्रावाची नोंद वेगळ्या वहीत व्हावी आणि वर्षअखेरीस तिचा गोषवारा जाहीर व्हावा. खाजगी दवाखाने या व्यवस्थेबाहेर राहण्याचेही कारण नाही. महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी अधिनियम, १९४९ अन्वये महानगरपालिका हीच आपल्या हद्दीतील नोंदणीची अधिकारी आहे, आणि २०२१ च्या सुधारित नियमांनी रुग्णहक्कांची सनद तेथे लावणे आवश्यक केलेलेच आहे.

यांपैकी एकाही गोष्टीसाठी नवी इमारत, नवे यंत्र वा सल्लागाराची नेमणूक लागत नाही. लागतो तो छापील कागद, टेलिफोन, एक वही आणि हयगय खपवून न घेणारा हुकूम. शस्त्रक्रियेनंतरचे चौदा दिवस हे उपचाराचाच भाग आहेत, आणि त्यांत रुग्ण घरी असला तरी तो रुग्णालयाच्याच जबाबदारीवर आहे, असे स्पष्ट सांगणारे परिपत्रक आपल्या सहीनिशी लवकर निघावे, ही नम्र विनंती.

आपला,
चिंचवड येथील एक नागरिक