ढिला गळा

बऱ्याच दिवसांनी इथे लिहितोय. पावसाळ्यात आमच्या देगलूरला लेथवर काम फार. मोटारी, पंप, ट्रॅक्टरचे बुश... हात काळे असले की की-बोर्डला लावायची हिंमत होत नाही. असो.

मागच्या महिन्यात टेक्सासहून मावसभावाचा फोन आला. नात्यातल्या मंडळींना ठाऊकच आहे, हा तिकडे रायफलने नेमबाजी करतो आणि स्वतःची काडतुसं स्वतः भरतो. (मावशीला मी एकदा सहज म्हणालो, "तो घरी बसून दारू भरतो." दोन दिवस तिला जेवण गेलं नाही! बंदुकीची दारू, मावशी, बंदुकीची.) तिकडे स्वतःच्या वापरापुरतं ते चालतं. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय काडतूस बनवता येत नाही, त्यामुळे वाचून कुणी हात शिवशिवू देऊ नका. आपल्या स्वप्निल कुसाळेने २०२४ साली पॅरिसला कांस्य मिळवलं ते पॉइंट बावीसच्या काडतुसांवर. त्यांच्या कडेतच पेटणारा मसाला असतो, ती पुन्हा भरताच येत नाहीत.

तर याची अडचण अशी. उडवून झालेली पितळी पुंगळी साच्यात दाबून मापात आणायची, नवी टोपी बसवायची, दारू घालायची आणि गळ्यात गोळी बसवायची. ती गोळी गळ्याने घट्ट धरली पाहिजे. याच्या काही काडतुसांत ती बोटाने फिरत होती. "दादा, तू आयुष्यभर बुश बसवतोस, तूच सांग."

मी बंदूक हातात धरलेली नाही. पण हा प्रश्न बंदुकीचा नव्हताच, फिटिंगचा होता. हाऊसिंगच्या भोकापेक्षा बुश दोन थाऊ मोठा केला की प्रेसखाली तो असा बसतो की पुन्हा काढताना घाम फुटतो. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. इथेही तेच, फक्त उलटं : गळा गोळीपेक्षा दोन थाऊ लहान हवा. बस्स.

"आतापर्यंत काय काय केलंस?" मी विचारलं.

यादी मोठी होती. आधी साच्यावर संशय, म्हणून नवा साचा आणला. मग कुणी म्हणालं पितळ कडक झालंय, म्हणून गळे तापवून नरम केले. तरी काही ढिलेच. आता पुंगळीचं तोंड वरून चिमटून टाकायचं यंत्र मागवणार होता. रविवारी स्पर्धा. दोनशे काडतुसं भरून तयार.

"सगळी ढिली आहेत की काही?"

"काही."

"काही म्हणजे कुठली?"

पलीकडे शांतता. मंडळी, दोन महिने खर्च करून हा प्रश्न त्याने स्वतःला विचारला नव्हता! साचा एकच, हात एकच, गोळ्या एकाच डब्यातल्या. मग काही घट्ट आणि काही ढिली कशी? जे सगळीकडे सारखं आहे ते सोडा आणि जे वेगळं आहे ते शोधा. त्याने बुडावरचे शिक्के बघून काडतुसं वेगळी केली. ढिली ती सगळी एकाच शिक्क्याची निघाली, साठ. मित्राने दिलेल्या पुंगळ्या.

मग मोजायला लावलं. गोळीचा व्यास ०.३०८ इंच. गोळी बसवल्यावर गळ्याचं बाहेरून माप : घट्ट काडतुसांत ०.३३७, ढिल्यांत ०.३३५. आणि गळा दाबायला साच्यात जो बुश होता त्याचं माप ०.३३५. झालं, सापडलं! घट्टवाल्यांची भिंत साडेचौदा थाऊ. दोन्ही बाजूंची मिळून एकोणतीस. ३३५ मधून ती वजा केली की आतला गळा ३०६, म्हणजे दोन थाऊची पकड. मित्राच्या पुंगळीची भिंत साडेतेरा, दोन्हीकडची सत्तावीस, आतला गळा ३०८. गोळीएवढाच. त्यात पितळ साच्यातून सुटल्यावर जरा मागे उसळतं, ते वेगळंच. भिंतीत एका थाऊचा फरक, पण बाजू दोन असल्याने सगळी पकड गेली. त्या साठांना ०.३३३ चा बुश लागणार होता. नवा साचा आणला तरी जुना बुशच त्यात घातला होता, म्हणून फरक पडला नाही.

आता तापवण्याबद्दल. ते खोटं नाही. पितळ वारंवार दाबलं, फुगवलं की कडक होतं, मग मापात राहत नाही, उसळतं. पुण्याच्या तांबट आळीतले कारागीर भांड्याला मठार मारतात त्यामागे हेच आहे. ठोक्यांनी धातूला बळ येतं आणि पुढे घडवायचं तर पुन्हा तापवून नरम करावं लागतं. काडतुसात फक्त गळा आणि खांदा तापवायचा, बूड कडकच राहिलं पाहिजे, कारण सगळा दाब तिथे झेलायचा असतो.

आपल्याकडच्या पावसाळ्याने तर या शास्त्रात नावच कमावलंय. ब्रिटिश अमलात फौजेची पितळी काडतुसं पावसाळ्यात तबेल्यात ठेवली की गळ्याशी तडकत. दोष हवेच्या ऋतूला दिला आणि इंग्रजीत नाव पडलं 'सीझन क्रॅकिंग'. पुढे १९२१ मध्ये मूर, बेकिनसेल आणि मॅलिन्सन या तिघांनी कारण मांडलं. घोड्यांच्या मुतातून येणारा अमोनिया, आणि पुंगळी घडवताना पितळात अडकून राहिलेला ताण, दोन्ही एकत्र आले की तडा. ताण आधीपासून आत होता. पाऊस बिचारा फुकट बदनाम. :)

खरा वाद मात्र पुढे झाला. कारण कळलं, पण भरलेल्या साठांचं काय? हा म्हणे, "चिमटून घेतो आणि मारतो. रविवार जवळ आलाय."

मी चिडलो. ढिली गोळी रायफलीत भरताना कशाला टेकली तर मागे पुंगळीत सरकते. आत जागा कमी, दारू तेवढीच, म्हणजे दाब वाढतो. न उडवता काडतूस बाहेर काढलं तर गोळी नळीतच अडकायची आणि दारू यंत्रात सांडायची. चिमटा काढल्याने गोळी वरून धरल्यासारखी दिसेल, पण गळा आतून मोकळाच. माझं स्पष्ट मत : ज्याचं कारण आपल्याला सापडलंय, ते झाकून पुढे जाणं हा निष्काळजीपणा. अजाणतेपणाला तरी माफी आहे.

आमच्याकडे रोज बघतो. पंपाच्या ग्लँडमधून पाणी गळतं, की शेतकरी नट आवळतो. थांबतं. आठवड्याने पुन्हा आवळतो. शेवटी शाफ्टवर चर पडतात आणि शंभराचं काम हजारात जातं. ढिलं दिसलं की आवळायचं, ही आपली जुनी खोड. घरात, नात्यातही तेच करतो आपण. पोरगं ऐकत नाही, आवळा. भाऊ बोलत नाही, आवळा. भिंत कुठे झिजली ते मोजायचं कुणी?

"दादा, मेहनत वाया जाईल रे," तो म्हणाला.

"मेहनत वाया गेलीच आहे. आता डोळा वाया घालवू नकोस. मावशीला मी काय सांगू?"

फोन ठेवला. राग आला असेल असं वाटलं. शनिवारी रात्री फोटो आला : टेबलावर एका रांगेत साठ रिकाम्या पुंगळ्या, शेजारी डबीत उपसलेल्या गोळ्या. खाली काही लिहिलेलं नव्हतं.

रविवारी तो उरलेली एकशेचाळीस घेऊन गेला. नंबरबिंबर काही आला नाही. मावशीला मी सांगितलं, पोरगं सुधारलं, साठ एका रात्रीत सोडली. तिने देवापुढे साखर ठेवली.