जुनी उधारी, कोर्टाचे समन्स आणि आपली साख

वाशीम, कारंजा, मंगरूळपीर असो की रिसोड, कापडाचा धंदा उधारीवरच चालतो. गिऱ्हाईक सोयाबीन-कापूस विकल्यावर पैसे देते, आणि आम्ही सुरत-भिवंडीच्या व्यापाऱ्याला त्यानंतर देतो. एखाद्या वर्षी पिकाने दगा दिला की देणे थकते आणि काही वर्षांनी दारात समन्स येते.

अशा वेळी आपले बरेच व्यापारी बंधू समन्स घेतच नाहीत, नाहीतर घाबरून समोरचा म्हणेल त्या कागदावर सही करतात. दोन्ही गोष्टी घातक आहेत. गैरहजर राहिल्यास एकतर्फी हुकूमनामा होतो, पुढे दुकानातील मालावर जप्ती येऊ शकते. एरवी लेखी जबाबाला ३० दिवस असतात, पण चेक-हुंडीवरील काही दाव्यांत १० दिवसांतच हजेरी नोंदवावी लागते. म्हणून समन्स मिळताच वकील गाठावा.

१९६३ च्या मुदत कायद्याप्रमाणे मालाच्या किमतीचा दावा ३ वर्षांत करावा लागतो. उधारीची मुदत ठरलेली असेल तर ती संपल्यापासून, नसेल तर माल दिल्यापासून ही ३ वर्षे मोजतात. त्या काळात आपण सहीनिशी बाकी कबूल केली तर मुदत नव्याने सुरू होते. मुदत गेल्यावरही फेडीचे लेखी वचन दिले, तर १८७२ च्या करार कायद्याने ते बंधनकारक ठरते. तेव्हा खातेवही तपासल्याशिवाय सही करू नये.

आमच्यावर असा दावा आला तेव्हा जुन्या पावत्या काढल्या. आम्ही दिलेल्या दोन रकमा समोरच्याने जमाच धरल्या नव्हत्या. वकीलसाहेब म्हणाले, "मुदत गेली आहे, दावा टिकणार नाही." घरातही तेच मत पडले. पण माल आम्ही घेतला होता, विकला होता, त्यावर घर चालले होते. पावत्या दाखवून आकडा दुरुस्त करून घेतला आणि खरी बाकी हप्त्याने फेडली. मुदत संपल्याने वसुलीचा दावा बंद होतो, देणे माफ होत नाही. अल्लाहपुढे मुदतीचा बचाव चालणार नाही, असे आमचे मत आहे. खोट्या किंवा फुगवलेल्या दाव्याविरुद्ध मात्र हा बचाव जरूर घ्यावा.

देणे खरे असून ऐपत कमी असेल तर लोकअदालत उत्तम. तेथे तडजोड झाल्यास भरलेली कोर्ट फी परत मिळते आणि निवाड्यावर अपील नसते. फेड झाल्यावर पावती घ्यावी. हुकूमनामा झालेला असल्यास कोर्टात फेडीची नोंद करवावी.

बँकेच्या कर्जाची गोष्ट वेगळी आहे. कमी रकमेत तडजोड केल्यास सिबिलमध्ये 'सेटल्ड' अशी नोंद राहते आणि पुढचे कर्ज अडते. शक्य असल्यास पूर्ण फेड करून बेबाकी दाखला घ्यावा. वर्षातून एकदा सिबिलचा अहवाल मोफत मिळतो. तो पाहावा, चूक दिसल्यास लेखी तक्रार करावी.

येणे असणाऱ्यांनाही आमची विनंती आहे. सूरह बकराच्या २८० व्या आयतीत तंगीतल्या कर्जदाराला सवलत देण्यास सांगितले आहे, तर २८२ व्या आयतीत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याचा हुकूम आहे. आपण पहिली विसरतो आणि दुसरी टाळतो. दरवर्षी दोघांनी बसून बाकी लिहून सही केली, तर बहुतेक भांडणे कोर्टापर्यंत जाणारच नाहीत.