तू आहेस ना



पावसाळ्याच्या सुरुवातीला आमच्या सल्ला केंद्रात एक बाई आल्या. वय चौतीस-पस्तीस. मारहाणीची तक्रार नव्हती, घटस्फोट नको होता. हातात दवाखान्याची जाड फाइल. नवऱ्याचं यकृत निकामी झालेलं. पूर्वी पिणारा, आता वर्षभर थेंब नाही. डॉक्टरांनी प्रत्यारोपण सांगितलं होतं आणि मेंदूमृत दात्याचं यकृत मिळेपर्यंत थांबायला वेळ नव्हता. म्हणजे घरातल्याच कुणीतरी आपल्या यकृताचा भाग द्यायचा. दीर, नणंद आणि ह्या, तिघांचाही रक्तगट चालण्यासारखा. दिराची नोकरी फिरतीची. नणंदेच्या सासरचे नको म्हणाले. मग सासूबाई ह्यांच्याकडे वळल्या, "तू आहेस ना."

बाई मला म्हणाल्या, "ताई, द्यायचं नाही असं नाही. पण मला कुणी विचारलंच नाही. आता नाही म्हटलं तर नवऱ्याला मीच मारलं असं होईल ना?"

मला चटकन उत्तर देता आलं नाही. ह्या अंकाचं संपादकीय त्यामुळेच ह्या विषयावर.

यकृत थोडी आणि रुग्ण फार, तेव्हा कुणाला आधी द्यायचं, ह्यावर जगभर पुष्कळ खल झाला आहे. अमेरिकेत २००२ सालापासून रक्ततपासण्यांवरून गुण काढून सर्वांत आजारी माणसाला आधी, अशी पद्धत आली. ऐकायला अगदी न्याय्य. पण त्यातली एक तपासणी क्रिएटिनिनची. ते स्नायूंतून तयार होतं आणि बायकांचे स्नायू सरासरीने कमी. त्यामुळे तितक्याच आजारी बाईला गुण कमी पडत, ती यादीत मागे राही, आणि वाट पाहता पाहता मरण्याचं प्रमाण बायकांत जास्त राहिलं. २०२३ साली गणित बदलून बायकांना १.३३ गुण वाढवून दिले गेले. इथे कुणाच्या मनात काळंबेरं नव्हतं, तरी एकवीस वर्षं गेली.

आपल्याकडे मात्र निवड बहुतेक वेळा यादीपर्यंत पोचतच नाही. ती स्वयंपाकघरात, बैठकीच्या खोलीत होऊन जाते. मेंदूमृत्यूला मान्यता देणारा कायदा १९९४ साली झाला, पण २०२३ मध्ये साऱ्या देशात मरणोत्तर अवयवदाते होते जेमतेम अकराशे. मूत्रपिंडाच्या रुग्णाला डायलिसिसवर काही वर्षं काढता येतात, यकृताच्या रुग्णाला तसा आधार नाही. म्हणून उरतात जिवंत माणसं. आणि ही माणसं कोण? त्याच २०२३ साली, सगळे अवयव धरून, जिवंत दात्यांमध्ये ९,७८४ बायका होत्या आणि ५,६५१ पुरुष. उलट बाजूला, १९९५ ते २०२१ ह्या काळातल्या ३६,६४० प्रत्यारोपणांपैकी बायकांच्या वाट्याला आली ६,९४५.

ह्यावर मिळणारं उत्तर मला माहीत आहे: दारूमुळे यकृत जाण्याचं प्रमाण पुरुषांत जास्त, मग रुग्णही पुरुषच जास्त असणार. खरं आहे, आणि ते मान्य करायला हवं. पण हे आकडे सगळ्या अवयवांचे आहेत. मूत्रपिंड दारूने जात नाही. शिवाय देणाऱ्यांत बायका का जास्त, ह्याचं उत्तर त्यात येत नाहीच.

आमच्या बैठकीत दारूवरूनच वाद झाला. उभी बाटली-आडवी बाटलीच्या मतदानासाठी गावोगाव फिरलेल्या मैत्रिणी उसळून म्हणाल्या, ज्याने आयुष्यभर तिला छळलं त्याला तिने यकृत का द्यावं? राग समजतो. तरी पिणाऱ्याला उपचारच नकोत, हे मला पटत नाही. कोण जगायच्या लायकीचं हे चारित्र्यावरून ठरायला लागलं, तर त्या न्यायालयात पहिल्यांदा कोण उभं राहील हे आपल्याला ठाऊक आहे. त्याचा उपचारावर हक्क आहे. तिच्या शरीरावर नाही.

आणि द्यायचं म्हणजे काय द्यायचं? मोठ्या माणसासाठी बहुधा यकृताचा उजवा भाग, जवळजवळ साठ टक्के. उरलेलं यकृत काही महिन्यांत वाढतं, हे डॉक्टर आवर्जून सांगतात आणि ते खरंच विलक्षण आहे. पण पोटावर मोठी जखम, काही आठवडे जड उचलायचं नाही, आणि दात्याच्या मृत्यूचा धोका हजारी एक ते पाच असा धरला जातो. निरोगी बाईच्या बाबतीत हा आकडा लहान म्हणायचा का? तो लहान की मोठा हे तिनेच ठरवायचं.

प्रेमाने देणाऱ्या बायका पुष्कळ आहेत, आणि त्यांच्या देण्याला आपण खोटं म्हणू नये. जिवंत दात्याकडून यकृत घेऊन यशस्वी झालेलं पहिलं प्रत्यारोपण १९८९ सालचं, ब्रिस्बेनचं. तिथेही एका जपानी आईने मुलाला दिलं होतं. भारतात १९९८ साली दिल्लीत यशस्वी झालेल्या पहिल्या अशा प्रत्यारोपणात मात्र दाता होता वडील. बाप देऊ शकतो, दीरही देऊ शकतो.

२०१४ च्या नियमांत स्त्री-दात्याबद्दल जास्त काळजी घ्यावी, तिची स्वतंत्र संमती अवयव घेणाऱ्याखेरीज दुसऱ्या व्यक्तीकडून पडताळावी, असं आहे. चांगलं आहे, पण अपुरं. ह्या शब्दांत 'दुसरी व्यक्ती' सासूबाईही होऊ शकतात! तिच्याशी एकटीशी, तिच्या भाषेत, रुग्णाच्या उपचारांशी संबंध नसलेल्या कुणीतरी बोललं पाहिजे. तिने नको म्हटलं तर घरच्यांना 'वैद्यकीय कारणाने जमत नाही' एवढंच सांगावं. आमच्यातली एक जण म्हणते, बाईचा नकार डॉक्टरच्या आड लपवणं हा आपला पराभव. असेल. पण त्या घरात परत तिला जायचं आहे, आपल्याला नाही.

ऑगस्ट २०२५ मध्ये राष्ट्रीय अवयव प्रत्यारोपण संस्थेने राज्यांना कळवलं की प्रतीक्षा यादीत स्त्री-रुग्णांना प्राधान्य द्यावं. स्वागत आहे. पण सून पिवळी पडली की तिला माहेरी पाठवून देतात, "आता तुम्हीच बघा" म्हणून. तिचं नाव यादीत घालायला मुळात नेणार कोण? प्रत्येक रुग्णालयाने दाते किती बायका, घेणारे किती बायका, आणि यादीत नाव नोंदवलेल्या किती, हे दरवर्षी जाहीर करावं ही आपली मागणी असली पाहिजे.

त्या बाई दोन दिवस बहिणीकडे राहून परत आल्या. दवाखान्यातल्या समन्वयक बाईंशी आम्ही त्यांची एकटीची भेट ठरवली, तासभर बोलणं झालं. त्यांनी द्यायचं ठरवलं. मात्र तीन महिने पाणी, धुणं, मुलांची शाळा दिराने पाहायची, हे कबूल करून घेऊनच सही केली. मागच्या आठवड्यात फोन केला. दोघंही बरे आहेत. दीर फिरतीवर गेलाय म्हणाल्या.

तुमच्या घरात, ओळखीत कुणी अवयव दिला असेल, नाकारला असेल, किंवा मिळालाच नसेल, तर आम्हाला लिहा. नाव छापणार नाही. पत्रं पुढच्या अंकात.