आपला प्रोजेक्ट नक्की कुणासाठी?

एक साधा प्रश्न. फायनल इयरच्या प्रोजेक्टचा काळ्या बाइंडिंगचा, सोनेरी अक्षरांचा रिपोर्ट व्हायवा झाल्यावर कुठे जातो? उत्तर सगळ्यांनाच ठाऊक आहे. डिपार्टमेंटच्या कपाटात! तिथून तो बाहेर येतो तो पुढच्या बॅचला 'रेफरन्स' म्हणून, म्हणजे उतरवून काढायला. आणि ज्यांना तेवढाही त्रास नको त्यांच्यासाठी बाजारात रेडिमेड प्रोजेक्ट मिळतातच. सर्किट, कोड, रिपोर्ट, पीपीटी, सगळं पॅकेजमध्ये.

यात फक्त मुलांना दोष द्यावा असं मला वाटत नाही. ज्या कामाची बाहेर कुणीच वाट पाहत नाही, ते काम मन लावून कोण करणार? एक्स्टर्नल दहा मिनिटं चाळणार, सही करणार, संपलं. 'आपल्याकडे रिसर्च कल्चर नाही' असं भाषणात नेहमी ऐकू येतं. माझं म्हणणं एवढंच, की रिसर्चची गोडी लागायला आधी तो कुणाला तरी हवा असला पाहिजे.

आणि ज्यांना हवाय ती माणसं काही लांब नाहीत! डोंबिवलीत जानेवारी २०१४ मध्ये हिरवा पाऊस पडला. फेब्रुवारी २०२० मध्ये एमआयडीसीतला रस्ता गुलाबी झाला. मे २०१६ मध्ये प्रोबेस कंपनीत आणि मे २०२४ मध्ये अमुदान केमिकल्समध्ये स्फोट झाले. दोन्ही वेळा माणसं गेली, आजूबाजूच्या इमारतींच्या काचा फुटल्या. आजही तिथले लोक खिडक्या लावून घेताना एकमेकांनाच विचारतात, "आज कसला वास येतोय?" तिकडे शहापूर तालुक्यातल्या भातसा धरणाचं पाणी मुंबईला जातं आणि त्याच तालुक्यातल्या पाड्यांना उन्हाळ्यात टँकर लागतो. हे सगळं आपल्या लोकलच्या पासात बसणाऱ्या अंतरावर किंवा त्याच्या थोडं पुढे. आणि आपण प्रोजेक्टचे विषय शोधतो इंटरनेटवर!

एवढं लांब तरी कशाला जा? गेल्या उन्हाळ्यात हॉस्टेलला टँकर सुरू झाले तेव्हा मेसच्या मावशींनी मला विचारलं, "ताई, तुम्ही एवढं शिकता, मग सांगा बरं, या पाण्यात तूरडाळ का शिजत नाही?" काय मस्त प्रश्न आहे! बोअरच्या पाण्यातलं कॅल्शियम डाळीतल्या पेक्टिनला धरून बसतं, म्हणून दाणा लवकर मऊ होत नाही. पाण्याचा हा हार्डनेस मोजायचं ईडीटीए टायट्रेशन आपण फर्स्ट इयरला करतो. वाइन रेडचा निळा रंग झाला की रीडिंग लिहायचं. पण ते पाणी कुठलं? लॅब असिस्टंट काकांनी बाटलीत बनवून ठेवलेलं. मेसपासून लॅब दोनशे पावलांवर, तरी मेसचं पाणी लॅबपर्यंत पोचत नाही. मी कॉन्व्हेंटची, माझं सगळं सायन्स इंग्रजीत. हार्डनेसला 'जड पाणी' हा छान शब्द मला मावशींनीच दिला. म्हणजे बघा, लोकांकडे जाणं हे काही समाजसेवेचं दान नाही. आपल्यालाही तिथून काही मिळतं.

महाराष्ट्रात हे करून दाखवणारी मोठी माणसं होऊन गेली. डॉ. जयंत नारळीकर (त्यांचं मे २०२५ मध्ये निधन झालं) सही मागणाऱ्या मुलांना सांगायचे, पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठव, उत्तराखाली सही करून देईन. जगभर नाव असलेला शास्त्रज्ञ पोस्टकार्डांना उत्तरं देत होता! नारायणगावजवळ खोडदच्या परिसरात जीएमआरटीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत. तिथे २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला गावोगावची शाळकरी मुलं स्वतःची मॉडेल्स घेऊन येतात. पवईच्या आयआयटीतलं 'सितारा' हे केंद्र १९८५ पासून ग्रामीण भागाच्या तंत्रज्ञानावर काम करतंय, तिथले एमटेकचे विद्यार्थी गावात राहून प्रश्न समजून घेतात. २०१६ मध्ये सरकारने उन्नत महाराष्ट्र अभियान सुरू केलं तेही याच विचाराने, की कॉलेजांनी आपल्या परिसराचे प्रश्न अभ्यासावेत.

आता कुणी म्हणेल, सिलॅबस, सबमिशन, प्लेसमेंट यातून वेळ कुठाय? अहो, प्रोजेक्ट तर करायचाच आहे. फक्त विषय बदलायचा. दुसरी शंका जास्त खरी आहे. उद्या सेकंड इयरच्या मुलांनी नाल्याच्या पाण्याचं एक रीडिंग घेतलं आणि ते सोसायटीच्या ग्रुपवर फिरलं तर? उगाच घबराट! म्हणूनच लोकांसमोर जाताना जास्त काटेकोर व्हावं लागतं. रीडिंग तीनदा घ्या, किती चूक संभवते ते सांगा, आणि 'यावरून एवढंच कळतं, यापुढचं कळत नाही' हे वाक्य बोलायला शिका. माझ्या मते ह्या एका वाक्यात अर्धं रिसर्च कल्चर आलं.

उरलेलं अर्धं आपल्या आतलं आहे. प्रयोग फसला तर मार्क कापले जातात, म्हणून रीडिंग 'जुळवली' जातात, हे उघड गुपित आहे. फसलेला प्रयोग नीट लिहिला तर त्यालाही पूर्ण मार्क का नसावेत? ज्युनियरने चूक दाखवली तर त्याला शहाणा न म्हणता थँक्यू म्हणता येणार नाही का? आणि पेपरवर नाव कुणाचं, हे काम सुरू होण्याआधी ठरावं. रात्री आठपर्यंत आपल्यासाठी लॅब उघडी ठेवणाऱ्या काकांचे आभार तरी त्यात छापले जावेत.

तेव्हा सर, मॅडम आणि दोस्तहो, माझ्या तीन मागण्या. एक, दर वर्षी प्रत्येक डिपार्टमेंटचे निदान दोन प्रोजेक्ट आपल्या परिसरातल्या माणसाने विचारलेल्या प्रश्नावर असावेत. दोन, त्या रिपोर्टसोबत साध्या मराठीत दोन पानं लिहावीत आणि ज्याने प्रश्न विचारला त्याच्या हातात नेऊन द्यावीत. तीन, २८ फेब्रुवारीला आपल्या लॅब सगळ्यांसाठी उघड्या ठेवाव्यात, आणि ज्याला हवं त्याने घरच्या पाण्याची बाटली घेऊन यावं. याला ना मोठी ग्रँट लागते, ना नवं मशीन. ब्युरेट आहे, इंडिकेटर आहे, आणि उत्तराची वाट बघणाऱ्या मावशीही आहेत. सुरुवात मेसच्या नळापासून करायला कुणाची हरकत आहे का?