जांभळाची बीअर आणि मोहाचा सडवा

आधीच सांगून ठेवतो, ही पोस्ट दारूच्या बाजूने नाही. शिव्या द्यायच्याच असतील तर शेवटपर्यंत वाचून द्या, अर्ध्यातून देऊ नका.

दिवाळीनंतर पुण्याला भाच्याकडे गेलो होतो. भाचा आयटीत आहे. संध्याकाळी म्हणाला, "मामा, तुम्ही दारूबंदी जिल्ह्यातले. चला, आज तुम्हाला एक वेगळी चीज पाजतो." एका ब्रुअरीत घेऊन गेला. नाव सांगत नाही, फुकटची जाहिरात होईल. काचेमागे स्टीलच्या टाक्या चकाकत होत्या आणि एका कोपऱ्यात लाकडी पिंपं आडवी रचून ठेवली होती. तिथल्या पोराने फार प्रेमाने समजावून सांगितलं. ही जांभळाची सावर बीअर. नाशिककडे वाईनसाठी वापरलेलं ओकचं जुनं पिंप आणायचं, त्यात बीअर भरायची, जांभळाचा गर टाकायचा आणि नऊ महिने हात लावायचा नाही. छोटा ग्लास, साडेचारशे रुपये.

बीअर आयुष्यात पहिल्यांदाच घेतली असं खोटं सांगणार नाही. पण ही मला माहीत असलेली बीअर नव्हतीच. रंग जांभळट लाल, फेस गुलाबी आणि लगेच बसणारा. पहिल्या घोटालाच दात आंबले. मग जांभळं खाल्ल्यावर जीभ होते तशी जड झाली. त्यामागून ओल्या लाकडाचा वास आला, आणि त्याच्याही मागून गोठ्याचा, पावसात भिजलेल्या घोंगडीचा. मी तोंड वाकडं केलं तर पोरगा खूश! म्हणाला, "सर, यालाच फंक म्हणतात. लोक याच्यासाठीच येतात." दुसरा घोट आवडला, कबूल करतो. तिसऱ्या घोटाला तो वास ओळखीचा वाटायला लागला, आणि कुठला ते आठवल्यावर मी ग्लास खाली ठेवला.

हा वास मी आमच्याकडे नाल्याच्या काठावर घेतला होता. वॉश आऊटमध्ये.

बाहेरच्या मित्रांसाठी सांगतो. वर्धा जिल्ह्यात सत्तरच्या दशकापासून दारूबंदी आहे. गांधी-विनोबांचा जिल्हा म्हणून. गावठी दारूचे अड्डे उद्ध्वस्त करायला पोलीस पहाटे निघतात, त्याला आमच्याकडे वॉश आऊट मोहीम म्हणतात. दारू गाळण्याआधी मोहफुलं पाण्यात आंबवत ठेवतात, तो आंबलेला माल म्हणजे सडवा. प्रेसनोट कायम एकाच छापाची असते. इतके लिटर मोहा सडवा, इतके लोखंडी ड्रम, इतके प्लास्टिक ड्रम, एकूण इतक्या रुपयांचा मुद्देमाल जागीच नष्ट. मी या धंद्यात वीस वर्षं आहे. अशा किती प्रेसनोटा टाइप केल्या, मोजल्या नाहीत.

एकदा कॅमेरा घेऊन त्यांच्यासोबत गेलो होतो. नाल्याच्या काठी अर्धवट पुरलेले ड्रम, वर पऱ्हाट्या टाकून झाकलेले. एका शिपायाने झाकण काढलं आणि तोच वास आला. आंबट, गोड, गोठ्यासारखा. त्यांनी ड्रम लाथेने आडवे केले, सडवा नाल्यात वाहून गेला, मग कुऱ्हाडीने ड्रम फोडायला लागले. बेड्यावरची एक म्हातारी बाजूला उभी होती. ती एवढंच म्हणाली, "साहेब, सडवा सांडला तं सांडला. ड्रम तरी ठेवा ना बापा, पानी भराले होते." ड्रम ठेवला नाही. दुसऱ्या दिवशी बातमी आली, फोटोसह. म्हातारीचं वाक्य मी बातमीत घेतलं नव्हतं. जागा नव्हती.

आता कोणी म्हणेल, कुठे पुण्याची बीअर आणि कुठे नाल्याकाठचा सडवा. साहेब, जिवाणूंना पत्ता वाचता येत नाही. गोड रसात यीस्ट पडलं की साखरेची दारू होते. दही लावणारे लॅक्टोबॅसिलस शिरले की आंबटपणा येतो, आपल्या आंबिलीला येतो तसाच. आणि ब्रेटॅनोमायसिस नावाचं रानटी यीस्ट घुसलं की गोठ्याचा वास. वाईन आणि बीअर करणारे बहुतेक लोक या यीस्टला घाबरतात, सावरवाले त्याला मुद्दाम बोलावतात. बेल्जियममध्ये सेन नदीच्या खोऱ्यात लॅम्बिक नावाची बीअर होते. उकळलेला रस उथळ, उघड्या हौदात रात्रभर ठेवतात, हवेतलं जे काय पडायचं ते पडू देतात, मग जुन्या लाकडी पिंपात एक ते तीन वर्षं आंबवतात. त्यात आंबट चेरी टाकली की तिला क्रीक म्हणतात. बेल्जियमच्या बीअर संस्कृतीला युनेस्कोने २०१६ साली अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं.

त्यांचं आंबलं तर वारसा, आमचं आंबलं तर सडवा. शब्दातच निकाल लागून जातो, कोर्टाची गरजच नाही.

हो, फरक आहे, तो मी लपवत नाही. बीअर नुसती आंबवतात, मोहाची दारू पुढे भट्टी लावून गाळतात, ती जास्त कडक. आणि आज जी हातभट्टी मिळते तिच्यात नवसागर आणि युरियासुद्धा टाकतात, हेही खरं. पण हे कशाने झालं? जे काम चोरून, घाईने, रात्री करावं लागतं त्यात नऊ महिने थांबायची चैन कोणाला? २०१५ साली मालवणीत विषारी दारूने शंभरावर माणसं मेली. ते मोहाचं फूल नव्हतं, कारखान्यातलं मिथेनॉल होतं. मुंबईत तर दारूबंदीही नाही. तिथेही गरिबाच्या ग्लासात काय आहे हे बघायला कोणी नव्हतं.

राज्याचं धोरण बघा. नाशिकची द्राक्षं विकली जावीत म्हणून २००१ साली सरकारने द्राक्ष प्रक्रिया धोरण आणलं आणि वाईनला उत्पादन शुल्कात सूट दिली. २७ जानेवारी २०२२ ला मंत्रिमंडळाने सुपरमार्केटमध्ये वाईन विकायला परवानगी देणारा निर्णय घेतला. केवढा गदारोळ झाला. तेव्हा बाजूने बोलणारे शेतकऱ्यांचं नाव घेत होते आणि वाईन म्हणजे दारू नव्हे असंही सांगत होते. मान्य, द्राक्षवाला शेतकरी आहे. मग एप्रिलच्या पहाटे झाडाखाली वाकून मोहफुलं वेचणारी बाई कोण आहे? गोव्याने काजूच्या फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळवून दिलं, पुढे तिला राज्याचा वारसा ठरवलं. शेजारच्या मध्य प्रदेशने मोहाच्या दारूला हेरिटेज मद्य म्हटलं आणि अलिराजपूर, दिंडोरीच्या आदिवासी बचतगटांना ती बनवायला दिली. आपल्याकडे द्राक्षाला उद्योग खातं आणि मोहाला पोलीस खातं.

एक गंमत सांगतो. महाराष्ट्रात कायद्याने प्यायलासुद्धा परवाना लागतो, १९४९ चा दारूबंदी कायदा सगळ्या राज्याला लागू आहे. पुण्यात त्या रात्री माझ्याकडे परवाना कोणी मागितला नाही. कार्ड की यूपीआय, एवढंच विचारलं.

आता गांधीजींकडे येतो, कारण खाली कमेंटमध्ये कोणीतरी आणणारच आहे. गांधीजी दारूच्या पक्के विरोधात होते, त्यात मला पळवाट काढायची नाही. पण याच वर्ध्यात, मगनवाडीत, १९३४ साली त्यांनी अखिल भारत ग्रामोद्योग संघ काढला आणि कुमारप्पांच्या हाती दिला. तिथे ताडाच्या रसापासून गूळ करायचं काम चालायचं. ताडी बंद झाली तर ताडावर चढणारा माणूस काय खाणार, हा प्रश्न त्या लोकांना पडला होता. बंदीसोबत त्यांनी गुळाची कढईही ठेवली होती. आपण बंदी उचलली आणि कढई विसरलो. मगनवाडी आजही जागेवर आहे, तिथे ग्रामीण उद्योगांची एमगिरी ही केंद्राची संस्था आहे. मोहाचं सरबत होतं, लाडू होतात, सगळ्यांना माहीत आहे. पण ज्या बेड्यावर वॉश आऊट होतो तिथे पोलिसांची गाडी गेल्यावर मागून कढई घेऊन कोणी गेलेलं मी वीस वर्षांत पाहिलं नाही.

आणि गावातल्या बाया. दारूबंदी मंडळाच्या बाया काठ्या घेऊन रात्री अड्ड्यावर जातात, त्यांची मी थट्टा करणार नाही. माझा सख्खा काका दारूने गेला. काकूने शेत गहाण टाकून पोरं शिकवली. तिला जाऊन मी फंक आणि वारसा सांगू काय? ती मला दारात उभी करणार नाही, आणि बरोबरच करेल. पण काकूच्या घरात ज्या बाटल्या सापडायच्या त्या मोहाच्या नव्हत्या. लेबल लावलेल्या, कंपनीच्या, देशी दारूच्या होत्या. बंदी असलेल्या जिल्ह्यात त्या काही उडत आल्या नाहीत. आमच्या चारही बाजूंना दारू चालू असलेले जिल्हे आहेत, नागपूर, अमरावती, यवतमाळ, आणि २०२१ ला बंदी उठल्यापासून पुन्हा चंद्रपूर. वर्धा नदीचा पूल ओलांडला की बारची पाटी दिसते. रात्री गाड्या पूल ओलांडून येतात. कोणत्या रस्त्याने, हे गावातलं शेंबडं पोरगंही सांगते. अशी गाडी पकडली की ड्रायव्हर अटकेत, मालक "फरार" आणि पुढची बातमी कधीच नाही. नाल्याकाठी फरार व्हायला जागा नसते. म्हातारी तिथेच राहते.

आमच्या बातम्यांतल्या एका शब्दाबद्दलही बोलायचं आहे. "पारधी बेड्यावर छापा". इंग्रजांनी १८७१ मध्ये जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवणारा कायदा केला. तो १९५२ साली रद्द झाला. प्रेसनोटेत आणि आमच्या मथळ्यात तो अजून चालू आहे. दारूची गाडी पकडली तर मालकाची जात आम्ही मथळ्यात टाकतो काय? मी टाकली नाही कधी. बेड्याची टाकली, शंभरदा टाकली. ही माझी चूक आहे, दुसऱ्या कोणाची नाही.

तर माझं म्हणणं असं. वर्ध्यात बंदी ठेवायची असेल तर ठेवा, आमच्या बायांना हवी आहे. पण मग सुरुवात पुलावरून करा, नाल्यावरून नको. बेड्यावर छापा टाकाल त्याच आठवड्यात तिथे रोजगाराचं काहीतरी घेऊन जा, मगनवाडी सात समुद्रापार नाही. आणि राज्यात जिथे बंदी नाही, तिथे मोहाला तोच कायदा लावा जो द्राक्षाला लावला. छोटा परवाना, तपासणी, लेबल. नाहीतर उद्या पुण्यातलाच कोणीतरी मोहाची बीअर पिंपात मुरवेल, ग्लासाला पाचशे घेईल, आणि फुलं वेचणारीला किलोमागे काय मिळेल ते तुम्ही सांगा.

भाच्याने विचारलं, "मामा, ग्लास का ठेवला? आवडली नाही का?" त्याला काय सांगू. संपवली नंतर. साडेचारशे रुपये त्याचे होते.

काल सकाळी पत्रकारांच्या ग्रुपवर नवीन प्रेसनोट आली. सडवा, ड्रम, बेडा, एक महिला ताब्यात. तिच्याच खाली दुसरी, देशी दारूच्या पेट्यांसह एक गाडी जप्त, चालक अटकेत, मालक फरार. मी पहिल्या बातमीतून बेडा काढला आणि छापायला दिली. दुसऱ्या प्रेसनोटखाली ग्रुपवरच विचारलं, "साहेब, गाडी आरटीओत कोणाच्या नावावर आहे? आणि पेट्यांवर बॅच नंबर असतो, त्यावरून त्या कोणत्या दुकानातून सुटल्या?"

निळ्या टिका झाल्या आहेत. उत्तर आलं की इथेच टाकतो.